पॅलेस थिएटर : एका रंगमंदिराची गोष्ट, वाडीच्या घाटावरून

१/ ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. नृसिंहवाडीतील आमच्या घरी त्या रात्री कोणी झोपले नाही. एका इमारतीसाठी एवढे दुःख का व्हावे, हे समजून घ्यायचे तर शंभर वर्षे मागे जावे लागेल. म्हणून हा धागा.

२/ आमचा हा सारा परिसर नाटकाचा. १८४३ मध्ये सांगलीस चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ साली जन्मले ते वाडीसमोरच्या कुरुंदवाडात. हे सारे कृष्णेच्या काठचे. आणि कोल्हापूरची पंचगंगा अखेरीस आमच्या वाडीलाच येऊन कृष्णेला मिळते.

३/ नाटक होते, कंपन्या होत्या, रसिक होते. मात्र कायमची, बंदिस्त नाट्यगृहे फार थोडी. गावोगावी मांडव घालून किंवा वाड्याच्या चौकात प्रयोग होत. मुक्काम हलला की रंगमंचही हले.

४/ १९०२ मध्ये राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेस गेले. त्या प्रवासात त्यांनी रोम येथील प्राचीन प्रेक्षागार पाहिले. परतल्यावर कोल्हापुरात दोन वास्तू एकमेकींना लागून उभ्या राहिल्या : कुस्त्यांसाठी खासबाग मैदान आणि नाटकांसाठी पॅलेस थिएटर. थिएटरचे बांधकाम १९१३ ते १९१५ या काळातले.

५/ ही जोडी नीट पाहावी. एका बाजूस लाल मातीचा हौदा, दुसऱ्या बाजूस रंगमंच, आणि दोहोंची पाठ एकमेकींना टेकलेली. मल्ल आणि गायक नट यांना एकाच राजाश्रयाखाली, शेजारी शेजारी जागा देणारी अशी दृष्टी विरळाच. प्रेक्षागृहात मध्ये खांब नव्हते; त्यामुळे मागच्या रांगेतल्या माणसासही रंगमंच अडथळ्याविना दिसे.

६/ आता केशवरावांविषयी. जन्म १८९०, कोल्हापूर. घरची गरिबी. लहान वयातच स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले आणि ‘शारदा’तील नायिकेच्या भूमिकेने गाजले. बालाजरठ विवाहाच्या विरोधातले ते नाटक, आणि त्यातील मुलीचे दुःख एक कोवळा मुलगा गाऊन दाखवीत होता. १९०८ साली हुबळीस त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची कंपनी काढली, तेव्हा त्यांचे वय अवघे सतरा होते.

७/ ८ जुलै १९२१. मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन मालक एका रंगमंचावर, तेही राष्ट्रकार्यासाठी. त्यानंतर तीन महिनेही पुरते झाले नव्हते, तोच ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. वय ३१. पुढे ‘ललितकलादर्श’ची धुरा बापूराव पेंढारकरांनी वाहिली. स्वातंत्र्योत्तर काळात पॅलेस थिएटरला ‘संगीतसूर्य’ केशवरावांचे नाव मिळाले.

८/ माझी आठवण याच्या कितीतरी नंतरची. आजोबा मला प्रथम तेथे घेऊन गेले तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. वाडीहून एस.टी.ने जयसिंगपूर, तेथून दुसरी गाडी. पिशवीत आजीने दिलेल्या दशम्या आणि कोल्हापुरातल्या नातलगांसाठी कवठाची बर्फी. नाटक कोणते होते ते आज नीट आठवत नाही. तिसरी घंटा मात्र आठवते. दिवे मंदावले, पडद्यामागून नारळ फोडल्याचा आवाज आला आणि उदबत्तीचा वास आमच्या रांगेपर्यंत पोहोचला. मला वाटले, आपण देवळातच आलो आहोत.

९/ मध्यंतरात सारे बटाटेवड्याकडे धावले. आजोबा मात्र मला सर्वांत मागे, भिंतीपाशी घेऊन गेले. म्हणाले, “इथं उभा राहा. पूर्वी कर्णा नव्हता, तरी गाणं इथवर यायचं. नटाला इथल्या माणसासाठी गावं लागायचं, पुढच्या खुर्चीसाठी नव्हे.” नाट्यशास्त्राचा मला मिळालेला तो पहिला पाठ.

१०/ २०२४ च्या जुलैअखेरीस पंचगंगा पात्राबाहेर गेली होती. वाडीला पुराचे भय नवे नाही. पाणी गाभाऱ्यात शिरते तेव्हा आम्ही दक्षिणद्वार सोहळा मानून त्यात स्नान करतो. पाणी येते, ओसरते, आम्ही घरे धुऊन घेतो. आगीला ओहोटी नसते. त्या रात्री छत, रंगमंच, खुर्च्या जळाल्या. खासबागेच्या बाजूचा मंचही वाचला नाही. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी ज्येष्ठ रंगकर्मी त्यांच्यासमोर उभे राहून रडले.

११/ पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले आहे आणि ते पूर्ण व्हायलाच हवे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने एक भेद ध्यानी ठेवावा. दगड, लाकूड, खुर्च्या पुन्हा आणता येतात. त्या छताखाली कोणी काय गायले, कोण कोणत्या गावाहून कसे आले, मागच्या भिंतीशी काय ऐकू येई, हे सारे केवळ माणसांच्या स्मरणात उरले आहे. त्या स्मृतीचा विमा कोणी उतरवलेला नाही.

१२/ म्हणून एक विनंती. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : पहिले नाटक कोठे पाहिलेत? कोणाबरोबर गेलात? परत कसे आलात? उत्तर तारखेसह लिहून ठेवा. जुने तिकीट, हस्तपत्रक किंवा छायाचित्र सापडले तर त्यामागे नाव-गाव नोंदवा. मी आजोबांना त्या नाटकाचे नाव विचारायचे राहून गेलो. आता सांगणारे कोणी नाही.

(धागा समाप्त)