चुनखडक : सागरतळापासून घराच्या भिंतीपर्यंत

प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेट या संयुगाचा बनलेला गाळाचा खडक म्हणजे चुनखडक. पृथ्वीवरील गाळाच्या खडकांच्या एकूण आकारमानात त्याचा वाटा सुमारे १० टक्के मानला जातो. महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग काळ्या बेसॉल्टने व्यापलेला असल्यामुळे येथील डोंगरकड्यांत हा खडक सहसा दिसत नाही. मराठी घरात मात्र त्याचा वावर पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. स्वयंपाकघरातील कडाप्प्याचा ओटा, ओसरीवरील शहाबादी फरशी, पानाच्या डब्यातील चुना, भिंतीची सफेदी आणि छताचे सिमेंट ही सारी या एकाच खडकाची रूपे होत. कडाप्प्याच्या ओट्यावर लिंबाचा रस सांडून राहिला, की तेथे फिकट डाग पडतो. आम्लाने कार्बोनेट विरघळते, हेच त्याचे कारण. भूवैज्ञानिक रानात हीच परीक्षा करतात. खडकावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच तो फसफसला, तर तो चुनखडक असण्याची शक्यता बळावते. मॅग्नेशियमयुक्त डोलोमाइट मात्र त्याची पूड केल्याशिवाय फारसा फसफसत नाही.

बोलीभाषेत या खडकाला सर्रास 'चुनखडी' म्हटले जाते. तथापि शेतकरी ज्याला चुनखडी म्हणतो, ते बहुधा काळ्या जमिनीत आढळणारे पांढरट खडे असतात. जमिनीतील पाण्यात विरघळलेला चुना कोरड्या हवामानात साका धरून हे खडे, म्हणजेच कंकर, तयार होतात. अशा चुनखडीयुक्त जमिनीत लोह असूनही ते पिकाला सहज उपलब्ध होत नाही. त्यामुळे कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. याउलट कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीत चुना मुद्दाम मिसळावा लागतो. एकच द्रव्य एका शेतात व्याधी ठरते, तर दुसऱ्या शेतात औषध.

घडण कशी होते?

चुनखडकाचा बहुतेक भाग उथळ व उबदार समुद्रात तयार झाला आहे. प्रवाळ, शिंपले, शैवाल आणि फोरामिनिफेरासारखे सूक्ष्म जीव समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम व कार्बोनेट घेऊन आपली कवचे आणि सांगाडे घडवतात. त्यांच्या मृत्यूनंतर हे अवशेष तळाशी साचतात, वरच्या थरांच्या भाराने दाबले जातात आणि कॅल्साइटच्या स्फटिकांनी सांधले जाऊन त्यांचा खडक बनतो. समुद्र फार खोल असेल, तर हे घडत नाही. साधारणपणे चार ते पाच किलोमीटर खोलीच्या खाली थंड पाणी व प्रचंड दाब यांमुळे कवचे विरघळून जातात. त्यामुळे एखाद्या ठिकाणी चुनखडकाचे जाड थर आढळले, तर तेथे एकेकाळी उथळ समुद्र होता असे अनुमान बहुधा काढता येते. एव्हरेस्टचे शिखर हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. जगातील या सर्वोच्च माथ्याचा खडक ४५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी सागरतळी साचलेला चुनखडक आहे आणि त्यात सागरी प्राण्यांच्या अवशेषांचे तुकडे सापडतात.

सर्वच चुनखडक कवचांचे नसतात. विदर्भातील चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत पैनगंगा गटाचे चुनखडक आढळतात. ते कवचधारी प्राणी अवतरण्याच्या फार पूर्वीचे आहेत. त्या युगात पाण्यातून थेट होणारे अवक्षेपण आणि सूक्ष्मजीवांचे पापुद्रे यांच्याद्वारे कार्बोनेट साचत असे. विंध्य गटाच्या चुनखडकांत अशा पापुद्र्यांचे एकावर एक रचलेले घुमटाकार थर दिसतात. त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. चुनखडकावर पृथ्वीच्या पोटातील उष्णता व दाब यांचा परिणाम होऊन त्याचे पुनर्स्फटिकीकरण झाले, की संगमरवर तयार होतो. ताजमहालासाठी वापरलेला राजस्थानातील मकराण्याचा दगड याच जातीचा.

अभ्यासाची वाटचाल

चुना भाजण्याची कला हजारो वर्षे जुनी असली, तरी भट्टीत नेमके काय घडते हे अठराव्या शतकात उलगडले. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १७५६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काटेकोर वजने करून दाखवले, की तापवल्यावर अशा पदार्थांतून एक विशिष्ट वायू निघून जातो आणि तेवढेच त्यांचे वजन घटते. हा वायू चुन्याच्या निवळीत सोडला, की ती दुधाळ होते. तोच वायू माणसाच्या उच्छ्वासातही असतो, हेही त्याने ओळखले. आज त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतात. वातावरणातील एका वायूची अशी पहिली स्पष्ट ओळख पटली, ती चुन्यासारख्या नित्याच्या द्रव्याच्या अभ्यासातून.

एकोणिसाव्या शतकात हेन्री सॉर्बी या इंग्लिश संशोधकाने खडकाचे पारदर्शक होईतो पातळ काप करून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत रूढ केली. १८७९ साली त्याने चुनखडकांची रचना व उगम यांविषयी केलेली मांडणी या शाखेचा पाया मानली जाते. पुढे रॉबर्ट फोक (१९५९) व रॉबर्ट डनहॅम (१९६२) या अमेरिकी भूवैज्ञानिकांनी चुनखडकांची वर्गीकरणे सुचवली. खडकात कण किती, चिखल किती आणि कण एकमेकांवर टेकलेले आहेत की चिखलात तरंगत आहेत, यावरून तो लाटांच्या माऱ्यात साचला की शांत पाण्यात, हे कळते. हा प्रश्न केवळ पंडिती नाही. चुनखडकातील पोकळ्यांत खनिज तेल साठते. १९७४ साली मुंबईच्या समुद्रात 'बॉम्बे हाय' हे तेलक्षेत्र सापडले. तेथील तेलाचा मुख्य साठा मायोसीन कालखंडातील चुनखडकातच आहे.

चुनखडक हा हवामानाचाही दफ्तरखाना आहे. कॅल्साइटमधील ऑक्सिजनच्या जड व हलक्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून प्राचीन पाण्याचे तापमान काढता येईल, ही कल्पना हॅरल्ड युरी यांनी १९४७ साली मांडली. गुहांतील लवणस्तंभांवर हेच तंत्र वापरले असता पावसाचा इतिहास हाती येतो. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते, खडक विरघळवते आणि गुहेच्या छतातून ठिबकताना तोच चुना पुन्हा थराथराने मागे ठेवते. मेघालयातील सोहरा, म्हणजेच चेरापुंजी, येथील मॉम्लुह गुहेतील एका लवणस्तंभात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस दुबळा झाल्याची नोंद मिळाली. या पुराव्याच्या आधारे २०१८ साली भूवैज्ञानिक कालमापनातील सर्वांत अलीकडच्या कालखंडाला 'मेघालयन' हे नाव अधिकृतपणे देण्यात आले. सिंधू संस्कृतीच्या नगरांच्या उतरणीशी या दुष्काळाचा संबंध अनेक अभ्यासक जोडतात. मात्र त्याविषयी मतभेद आहेत.

उपयोगांचा विस्तार

चुनखडक सुमारे ९०० अंश सेल्सियसला भाजला, की १०० किलो शुद्ध खडकातून ५६ किलो चुनकळी उरते आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. चुनकळीवर पाणी घातले, की मोठी उष्णता बाहेर पडून विरलेला चुना तयार होतो. भिंतीवर लावल्यावर तो हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. म्हणजे चुन्याची भिंत रसायनदृष्ट्या पुन्हा चुनखडकच बनते. मुंबईतील चुनाभट्टी हे वस्तीचे नाव या जुन्या उद्योगाचीच खूण आहे. किनारपट्टीवर खडकाऐवजी शिंपले भाजून चुना करीत. वाडे, मंदिरे व किल्ले यांच्या बांधकामात बैलांनी ओढलेल्या घाणीत चुना व वाळू मळली जाई आणि त्यात गूळ, हिरडा, बेलफळ यांचे पाणी मिसळले जाई. चुन्याचा गिलावा ओल शोषतो आणि ती बाहेरही टाकतो. त्यावर सिमेंट थापले, तर ओल व क्षार आत कोंडतात आणि दगड झिजू लागतो. म्हणूनच जुन्या वास्तूंच्या जतनात पुन्हा चुन्याकडे वळण्यात आले आहे.

साध्या चुन्याला घट्ट होण्यासाठी हवा लागते. पाण्याखाली तो टिकत नाही. इंग्लंडमधील एडिस्टन खडकावर १७५९ साली पूर्ण झालेले दीपगृह बांधताना जॉन स्मीटन या अभियंत्याला ही अडचण भेडसावली. निरनिराळे चुनखडक तपासताना त्याला आढळले, की ज्यात मातीचा अंश आहे, त्या 'अशुद्ध' खडकाचा चुना पाण्यातही घट्ट होतो. याच वाटेने पुढे जात जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली 'पोर्टलंड सिमेंट'चे पेटंट घेतले. इंग्लंडमधील पोर्टलंड येथील प्रसिद्ध चुनखडकासारखे ते दिसते, म्हणून हे नाव. आज चुनखडक व चिकणमाती यांचे मिश्रण सुमारे १,४५० अंशांना भाजून क्लिंकर बनवतात आणि त्यात जिप्सम मिसळून दळले, की सिमेंट तयार होते. एक टन क्लिंकरला सुमारे दीड टन चुनखडक लागतो. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा व कोरपना परिसरात सिमेंटचे कारखाने उभे राहिले, ते तेथील चुनखडकामुळेच. भारत हा चीनखालोखाल जगातील दुसरा मोठा सिमेंट उत्पादक देश आहे.

सिमेंटखेरीज या खडकाचे उपयोग असंख्य आहेत. लोखंडाच्या झोतभट्टीत तो धातुकातील सिलिकेसारख्या अशुद्ध द्रव्यांशी संयोग पावून मळी बनवतो आणि लोह वेगळे होते. साखर कारखान्यात उसाचा रस शुद्ध करण्यासाठी चुन्याचे दूध वापरतात. काच, कागद, रंग, दंतमंजन, आम्लपित्तावरील गोळ्या, कातडी कमावणे व जलशुद्धीकरण या सर्वांत तो कोणत्या ना कोणत्या रूपात असतो. जर्मनीतील सोलनहोफेन येथील अतिसूक्ष्म कणांच्या चुनखडकाने तर मुद्रणकलेला वळण दिले. त्याच्या गुळगुळीत लाद्यांवर आलोइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस शिळाछपाईचा शोध लावला. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत सुरू केलेल्या व पुढे मळवलीला हलवलेल्या छापखान्यातून घरोघरी पोहोचलेली देवदेवतांची चित्रे याच शिळाछपाईची देणगी. त्याच सोलनहोफेनच्या थरांत १८६१ साली आर्किऑप्टेरिक्स या आद्य पक्ष्याचे जीवाश्म प्रकाशात आले.

पाणी की दगड?

विरघळणाऱ्या या खडकात फटी रुंदावतात, गुहा तयार होतात आणि पावसाचे पाणी झपाट्याने आत झिरपते. युरोपातील स्लोव्हेनियाच्या परिसरातील क्रास प्रदेशावरून अशा भूरूपाला 'कार्स्ट' म्हणतात. जगातील सुमारे दहा टक्के लोकसंख्या कार्स्ट भूजलावर अवलंबून असल्याचे अंदाज आहेत. मात्र या खडकातील पाणी वाळूच्या थरातल्याप्रमाणे गाळले जात नाही. पृष्ठभागावरील घाण थोड्याच काळात झऱ्यापर्यंत पोहोचू शकते.

या खडकाचे मोल पाण्यात करायचे की दगडात, हा प्रश्न भारतात न्यायालयापुढेही आला. मसुरीच्या डोंगरातील चुनखडकाच्या खाणींमुळे दून खोऱ्यातील झरे आटू लागले व दरडी कोसळू लागल्या. डेहराडूनच्या 'रुरल लिटिगेशन अँड एन्टायटलमेंट केंद्र' या संस्थेने १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेले पत्र याचिका म्हणून दाखल करून घेण्यात आले. १९८५ साली न्यायालयाने अनेक खाणी बंद करण्याचा आदेश दिला आणि १९८८ साली अंतिम निकाल झाला. यामुळे खाणमालकांचे नुकसान होईल व मजुरांचा रोजगार जाईल, हे न्यायालयाने लपवले नाही. तरीही लोकांच्या निरोगी पर्यावरणासाठी ही किंमत मोजावी लागेल, अशी भूमिका त्याने घेतली. पर्यावरण व विकास यांच्या संघर्षात न्यायालयाने केलेला हा देशातील सुरुवातीच्या काळातील महत्त्वाचा न्यायनिवाडा होय.

कार्बनचा हिशेब

पृथ्वीवरील कार्बनचा फार मोठा साठा कार्बोनेट खडकांत बंदिस्त आहे. तो सारा वायुरूपात मोकळा झाला, तर पृथ्वीचे वातावरण शुक्रासारखे दाट व दाहक होईल. सिमेंटची भट्टी या साठ्याचा अल्पसा अंश दररोज मोकळा करते. जगातील मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी सात ते आठ टक्के सिमेंट उद्योगातून येतो आणि त्यातील निम्म्याहून अधिक भाग इंधनाचा नसून खुद्द चुनखडकातून निघालेला असतो. त्यामुळे भट्टी सौरऊर्जेवर चालवली, तरी हा भाग टळत नाही. काँक्रीट काळाच्या ओघात त्यातील काही वायू परत शोषते. पण सर्व नव्हे.

यावरील उपाय क्लिंकरचे प्रमाण घटवण्यात आहे. राखमिश्रित व मळीमिश्रित सिमेंट भारतात फार पूर्वीपासून वापरात आहे. स्वित्झर्लंडमधील लुझानच्या तंत्रशास्त्र संस्थेच्या कॅरेन स्क्रिव्हनर आणि त्यांचे क्यूबा व भारतातील सहकारी यांनी विकसित केलेल्या 'एलसी३' या सिमेंटमध्ये क्लिंकर सुमारे निम्माच असतो. उरलेल्या भागात भाजलेली चिकणमाती, न भाजलेला चुनखडक व थोडे जिप्सम असते. दिल्ली व मद्रास येथील आयआयटींनी या संशोधनात भाग घेतला आणि २०२३ साली भारतीय मानक ब्यूरोने या सिमेंटसाठी मानक प्रसिद्ध केले. विशेष म्हणजे यात सिमेंटच्या दृष्टीने कमी प्रतीचा, म्हणून खाणीवर टाकून दिला जाणारा चुनखडकही चालतो.

चुनखडकाचा एक थर साचायला लक्षावधी वर्षे लागतात. भट्टीत तो काही तासांत संपतो. तो किती काढावा, कोठून काढावा आणि कोठे झऱ्यांसाठी तसाच राहू द्यावा, हे ठरवण्यासाठी लागणारे ज्ञान आज उपलब्ध आहे. एखाद्या डोंगराचा खाणपट्टा देण्यापूर्वी त्यात दगड किती, हे मोजण्याबरोबरच त्यातून पाणी कोठे जाते हेही मोजले जाणे, ही त्या ज्ञानाची किमान अपेक्षा आहे.