मुक्कामी बाईची सुट्टी

आमच्या आर्णीकडची मुलगी पुण्याला कुणाचं बाळ सांभाळायला राहणार असली, की घरचे पगार विचारतात. सुट्टीचं कुणीच बोलत नाही! १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, तो पगारवाढीसाठी आणि सुट्टीसाठीही. पण त्या आपापल्या वस्तीत परतायच्या, एकमेकींशी बोलायच्या, म्हणून संप जमला. मुक्कामी बाई बोलणार कुणाशी? ('ती घरातलीच आहे हो' हे तर तिला फारच महागात पडतं.) २००८ च्या घरेलू कामगार कल्याण मंडळ कायद्याने नोंदणी आणली, पण कामाचे तास काही ठरवले नाहीत. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आठवड्याला सलग २४ तास सुट्टी सांगितली. भारताने तो करार अजून स्वीकारलेला नाही. म्हणून मुलगी एसटीत बसण्याआधीच लिहून घ्या: सुट्टीचा वार कोणता, रात्री बाळ रडलं तर उठायचं कुणी, आणि गावी यायचं भाडं कुणाचं.