‘मराठी’ शब्दात अक्षरं किती? व्हिमच्या छोट्या दुरुस्त्यांची गोष्ट

आज एक सोपा प्रश्न. ‘मराठी’ या शब्दात अक्षरं किती? म, रा, ठी. तीन. पहिलीतलं पोरही सांगेल. पण व्हिम नावाच्या टेक्स्ट एडिटरला ‘स्ट्रलेन’ हे फंक्शन वापरून विचारलं, तर उत्तर येतं 15!

मी नोकरीला नवीन होतो तेव्हा यात फसलोय. मराठी नावांची लांबी तपासणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली होती, आणि ती धडाधड नावं ‘फार लांब’ म्हणून बाजूला टाकत होती. अर्धा दिवस गेला. मग शेवटी मदतपान उघडलं. तिथे सरळ लिहिलं होतं: हे फंक्शन अक्षरं मोजत नाही, बाइट्स मोजतं. अक्षरं हवी असतील तर ‘स्ट्रकॅर्स’ वापरा. चूक माझीच होती. पण ते एक वाक्य तिथे कुणीतरी लिहून ठेवलं होतं, म्हणून मी सुटलो.

आता थोडं मागे जाऊ. 1976 च्या सुमारास बर्कलीत बिल जॉयने ‘व्हीआय’ हा एडिटर लिहिला. नेदरलँड्सच्या ब्राम मोलेनारला तसाच एडिटर आपल्या अमिगा कॉम्प्युटरवर हवा होता. ‘स्टीव्ही’ नावाचा एक प्रोग्राम घेऊन त्याने काम सुरू केलं आणि 1991 मध्ये व्हिम लोकांच्या हातात आला. 1998 च्या पाचव्या आवृत्तीत व्हिमची स्वतःची स्क्रिप्टची भाषा आली.

गंमत अशी, की इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, त्यामुळे दोन्ही मोजण्या सारख्याच येतात. यूटीएफ-8 मध्ये मात्र देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स घेतं. ‘मराठी’मध्ये म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हं आहेत. पाच त्रिक पंधरा. हिशेब जमला ना?

2010 च्या 7.3 आवृत्तीत ‘स्ट्रकॅर्स’ आलं. त्याने उत्तर दिलं पाच. प्रगती आहे, पण काना-वेलांटी अजून सुट्या. पुढे 7.4.755 या क्रमांकाच्या पॅचमध्ये एक ऐच्छिक सूचना जोडली गेली: जोडचिन्हं वेगळी मोजू नकोस. आणि 8.2.2606 या पॅचमध्ये ‘स्ट्रकॅरलेन’ हे नवं फंक्शन आलं, जे ती आपणहून सोडून देतं. आता कुठे आपले तीन आले.

तुम्ही म्हणाल, पहिलंच फंक्शन सुधारायचं ना! इथेच खरी अडचण आहे. जगभरातल्या असंख्य स्क्रिप्ट्स जुन्या वागण्यावर उभ्या आहेत. ‘स्ट्रलेन’चा अर्थ एका रात्रीत बदलला तर त्या मोडतील, आणि का मोडल्या ते कुणाला कळणारही नाही. म्हणून जुनं तसंच ठेवायचं, शेजारी नवं द्यायचं, आणि फरक मदतपानात नीट लिहायचा. ‘स्ट्रकॅर्स’च्या पानावर तर जुन्या व्हिमवर काम कसं भागवायचं, त्याचा कोडही दिलाय.

हे सगळे पॅच वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्या ब्रामच्या हातून जायचे. लोक दुरुस्त्या पाठवायचे, तो तपासायचा, क्रमांक द्यायचा, आत घ्यायचा. पैसे? व्हिम फुकट. आवडलं तर युगांडातल्या किबाले इथल्या मुलांसाठी मदत करा, एवढंच त्याचं म्हणणं. तिथे त्याने स्वतः काम केलं होतं.

3 ऑगस्ट 2023 ला ब्राम गेला. वय 62. आता पुढे काय, हा प्रश्न खरा होता. एकाच माणसावर उभं असलेलं काम त्याच्यासोबत संपूही शकतं. पण वर्षानुवर्षं पॅच पाठवणारी माणसं होती. ख्रिश्चन ब्राबांट यांनी सूत्रं हातात घेतली आणि 2 जानेवारी 2024 ला व्हिम 9.1 आलं, ब्रामला अर्पण केलेलं.

मला वाटतं, व्हिम टिकला त्यात त्या मदतपानांचा मोठा वाटा आहे. कोणतं फंक्शन असं का वागतं, हे फक्त एका डोक्यात नव्हतं, लिहिलेलं होतं. त्यामुळे दुसऱ्याला ते उचलता आलं.

आपण कोड लिहितो आणि ‘डॉक्युमेंटेशन नंतर बघू’ म्हणतो. मीही म्हणतो. पण आज ऑफिसात एक काम करा: तुम्हाला ज्या गोष्टीने अर्धा दिवस छळलं, तिच्यावर एक ओळ लिहून ठेवा. पुढच्याचा अर्धा दिवस वाचेल.

चला, भेटू पुढच्या भागात!