फरारी यादीवरची सही

सिल्हेटच्या कचेरीत होडीच्या चोरीचा एक खटला लोंबकळत पडला होता. आरोपीचं नाव युधिष्ठिर. तो कुठंही पळाला नव्हता, तरी १८७२-७३च्या सुमारास त्याचं नाव फरारी आरोपींच्या यादीत चढलं. हुकमाखाली सही होती असिस्टंट मॅजिस्ट्रेट सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांची.

एवढ्याशा गोष्टीवरून गदारोळ का व्हावा? कचेरीत ज्यानं काम केलं आहे त्याला लगेच कळेल. खटला रखडला की वरून खुलासा मागवला जातो. आरोपी फरारी दाखवला की प्रकरण थकबाकीतून निघून जातं. सुरेंद्रनाथांनी हे जाणूनबुजून केलं आणि विचारणा झाल्यावर खोटा खुलासा दिला, असा आरोप होता. त्यांचं म्हणणं साधं होतं: पेशकारानं नेहमीच्या कागदांचा गठ्ठा पुढं केला, त्यात हाही कागद होता, मी न वाचता सही केली.

हा माणूस सरकारच्या नजरेत आधीच भरला होता. १८६९ साली लंडनची सिव्हिल सर्व्हिस परीक्षा चार हिंदी तरुण पास झाले. रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ आणि मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर. त्यातल्या शेवटच्या दोघांना वयाच्या कारणावरून बाद ठरवण्यात आलं. घोळ मोजणीचा होता. सोळावं लागलं की आपल्याकडे वय सोळा सांगतात. साहेबाच्या हिशेबात मात्र सोळा पूर्ण व्हावी लागतात. हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको, लंडनच्या आयोगाला समजावण्यासाठी मात्र सुरेंद्रनाथांना क्वीन्स बेंचची पायरी चढावी लागली. ते जिंकले, आणि ठाकुरांचंही काम झालं.

सिल्हेटच्या चौकशीत अशी दाद मिळाली नाही. तीन सदस्यांचा आयोग नेमला गेला. चौकशी कलकत्त्यात व्हावी, ही त्यांची विनंती फेटाळली गेली. ज्या गावात वरिष्ठांशी बिनसलं, तिथंच हाताखालच्या कारकुनांच्या साक्षी होणार होत्या. अशा वेळी साक्षीदाराची नजर आरोपीकडे कमी आणि साहेबाकडे जास्त असते. आयोगानं त्यांना दोषी ठरवलं. १८७४ साली ते बडतर्फ झाले. दरमहा ५० रुपयांचा दयाभत्ता तेवढा हाती राहिला.

ही हकीकत आपल्याला मुख्यत्वे त्यांच्याच आत्मचरित्रातून कळते, आणि ते १९२५चं, म्हणजे आरोपीनं पन्नास वर्षांनी मांडलेली बाजू. तरीही माझं मत असं की न वाचता सही करणं हा हलगर्जीपणा होता, लबाडी नव्हे. हलगर्जीपणाला ताकीद असते, फार तर बढती रोखली जाते. गोऱ्या अधिकाऱ्यालाही याच चुकीसाठी घरी पाठवलं असतं का, हा प्रश्न तेव्हाच्या सुशिक्षितांच्या मनात राहिला, आणि राहणं स्वाभाविक होतं. आज सरकारी नोकराला राज्यघटनेच्या कलम ३११ नुसार बडतर्फीपूर्वी चौकशी आणि बाजू मांडण्याची वाजवी संधी मिळते. सुरेंद्रनाथांना चौकशी मिळालीच होती. 'वाजवी' हा शब्द मात्र चौकशी कुठं, कुणापुढं, कुणाच्या साक्षीवर होते, त्यावर ठरतो.

ते अपिलासाठी इंग्लंडला गेले. इंडिया ऑफिसनं ऐकलं नाही. बॅरिस्टर व्हावं म्हटलं, तर बडतर्फ माणूस म्हणून तोही दरवाजा बंद झाला. १८७५ साली परतल्यावर ईश्वरचंद्र विद्यासागरांनी त्यांना आपल्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये इंग्रजी शिकवायला घेतलं. पुढच्याच वर्षी इंडियन असोसिएशन उभी राहिली. त्याच सुमारास सिव्हिल सर्व्हिसची वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणण्याचं ठरलं आणि त्याविरुद्ध ते देशभर बोलत फिरले. वयाच्या हिशेबाची झळ स्वतः सोसलेला वक्ता होता तो. १८९५च्या पुणे काँग्रेसचे अध्यक्षही तेच होते.

१९२१ साली ते बंगालचे स्थानिक स्वराज्य मंत्री झाले. सिव्हिल सर्व्हिसमधले अधिकारी आता त्यांच्या टेबलावर सहीसाठी कागद ठेवू लागले. ते वाचूनच सही करत असावेत, असं धरून चालू.