लहान पेटी आणि खर्ज

घरी बसून चांगले गाणे ऐकावयाचे तर दिवाणखाना मोठा हवा आणि खिसा त्याहून मोठा हवा, ही समजूत उगाच रुजलेली नाही. 1925 साली अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी आजच्या धर्तीचा ध्वनिक्षेपक मांडला. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे ती समजूत बहुतांशी खरीच होती. खर्ज उमटवावयाचा म्हणजे पुष्कळ हवा हलवावी लागते, म्हणून पेट्या कपाटाएवढ्या करीत. पॉल क्लिप्श यांचा कर्णा तर खोलीचा एक कोपराच अडवून बसे. आम्ही आयुष्यभर गेटसभांना कर्णे लावले आहेत. त्यांचा गुण हा की, थोड्या विजेत आवाज दूरवर जातो. पण गेटसभेच्या कर्ण्यातून डग्ग्याची घुमार ऐकण्याची आशा कोणी करू नये!

हे कोडे सोडविणारे एडगर विल्चर कोणा बड्या कंपनीचे इंजिनिअर नव्हते. त्यांचे शिक्षण कलेच्या इतिहासाचे. विजेची विद्या सैन्यात आणि पुढे रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात मिळविलेली. आमच्यासारख्या शाळेबाहेर शिकलेल्यांना त्यांच्याविषयी अंमळ अधिक आपुलकी वाटते, हे आम्ही लपवीत नाही.

जुन्या स्पीकरचा कागदी पडदा कडेने घट्ट आवळलेला असे व तो ताणच त्याला जागेवर परत आणी. विल्चर यांनी हा ताण सैल केला, पेटी हवाबंद केली आणि कोंडलेल्या हवेकडून स्प्रिंगचे काम करून घेतले. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दट्ट्या ढकलावा, म्हणजे ही स्प्रिंग हाताला कळते. तिचा रेटा जुन्या ताणापेक्षा एकसारखा असतो, त्यामुळे खर्ज स्वच्छ येतो. पेटीचे लहानपण हा दोष न राहता तीच गरज झाली. ही कल्पना त्यांनी प्रथम चालू कंपन्यांना देऊ केली. कोणी घेतली नाही. तेव्हा 1954 साली हेन्री क्लॉस या आपल्या विद्यार्थ्याला सोबत घेऊन त्यांनी केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे ‘अकूस्टिक रिसर्च’ काढली. तेथे कामगारांना आरोग्यविमा व नफ्यात वाटा होता. आमचा पेशा असा की ही गोष्ट आम्ही आधी वाचली, स्पीकरची मागाहून.

पहिला ‘एआर-1’ 185 डॉलरांचा होता. 1965 चा ‘एआर-4एक्स’ 57 डॉलरांना मिळू लागला. भाड्याच्या दोन खोल्यांतला माणूस गिऱ्हाईक झाला तो येथे.

मात्र फुकट काही मिळाले नाही. क्लॉस यांचे पुढचे भागीदार अँटन हॉफमन यांच्या नावाने एक नियम सांगतात: लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिहींपैकी दोनच मिळतात. आज खरेदी करतानाही हाच हिशेब आहे. 88 ऐवजी 85 डेसिबलचा स्पीकर घेतला, तर तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट लागतात. दहा बाय बाराच्या खोलीत त्याने फारसे अडत नाही. अडते ते दुकानात, कारण जो अधिक जोरात वाजतो तोच तेथे चांगला वाटतो. म्हणून दोन स्पीकर सारख्याच आवाजावर लावावयास सांगावे आणि आपल्या पाठ असलेली चीज ऐकावी. खोटा घुमणारा खर्ज ऐकण्यापेक्षा थोडा कमी, पण खरा खर्ज आम्ही पत्करू. विल्चर यांनी न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात ऐकण्याची खोली थाटली होती. तेथे विक्री मुळीच नसे. गल्ल्यावाचून चालणारे असे दुकान आपल्याकडे आम्हांस कोठे आढळले नाही.

घरी आणल्यावर बारीक आवाजाचा तोंडवळा कानाच्या उंचीवर यावा. फळीवर ठेवल्यास पेटी काठाशी ओढून घ्यावी. पाठीमागे भोक असेल तर तिच्यामागे वीतभर जागा सोडावी; त्यासाठी पुस्तकांची एक रांग हलवावी लागते.