इंग्रजी भाषेतील लष्करी रूपके

लष्करी रूपके म्हणजे युद्ध, शस्त्रे व सैन्यव्यवस्था यांतील शब्दांचा दैनंदिन व्यवहारात होणारा लाक्षणिक वापर होय. इंग्रजीत राजकारण, व्यापार, वैद्यक, क्रीडा व पत्रकारिता या क्षेत्रांत ती विशेषत्वाने आढळतात. अनेक शब्दांचा मूळ अर्थ आज विस्मरणात गेला असून लाक्षणिक अर्थच रूढ झाला आहे.

== निवडक उदाहरणे ==
* '''डेडलाइन''' : अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात (१८६१–१८६५) जॉर्जियातील अँडरसनव्हिल येथील युद्धकैद्यांच्या छावणीत आखलेली मर्यादारेषा. ती ओलांडणाऱ्या कैद्यावर गोळी झाडली जाई. पुढे वृत्तपत्रव्यवसायातून 'अंतिम मुदत' हा अर्थ रूढ झाला.
* '''स्लोगन''' : स्कॉटलंडमधील गेलिक भाषेत 'सैन्याची आरोळी', आता घोषवाक्य.
* '''कॅम्पेन''' : 'मोकळे मैदान' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून सैन्याची मोहीम, पुढे निवडणूक वा जाहिरात प्रचार.
* '''फ्रीलान्स''' : वॉल्टर स्कॉट यांच्या 'आयव्हॅनहो' (१८१९) या कादंबरीत भाडोत्री भालाइतांसाठी हा शब्दप्रयोग आढळतो, आता स्वतंत्रपणे काम करणारी व्यक्ती.
* '''ब्लॉकबस्टर''' : दुसऱ्या महायुद्धातील, इमारतींची अख्खी रांग उद्ध्वस्त करणारा बॉम्ब, आता प्रचंड यशस्वी चित्रपट.
* '''फ्लॅश इन द पॅन''' : चकमकीच्या बंदुकीत रंजक पेटूनही गोळी न सुटणे, त्यावरून क्षणिक ठरलेले यश.

== अभ्यास व टीका ==
जॉर्ज लेकॉफ व मार्क जॉन्सन यांनी 'मेटाफर्स वुई लिव्ह बाय' (१९८०) या ग्रंथात 'वाद म्हणजे युद्ध' या रूपकाचे विवेचन केले. मुद्द्यांवर 'हल्ला' चढवणे, भूमिकेचा 'बचाव' करणे, वाद 'जिंकणे' अशा प्रयोगांमुळे समोरची व्यक्ती प्रतिस्पर्धी ठरते, म्हणजेच रूपक केवळ भाषेला नव्हे तर विचारालाही वळण देते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

सुझन सॉन्टॅग यांनी 'इलनेस ॲज मेटाफर' (१९७८) या ग्रंथात कर्करोगाविषयीच्या युद्धभाषेवर टीका केली. आजाराला 'लढाई' म्हटल्यास बरा न होणारा रुग्ण 'हरलेला' ठरतो आणि दोष त्याच्या इच्छाशक्तीवर येतो, असा आक्षेप या भाषेवर घेतला जातो. याउलट, काही रुग्णांना हीच भाषा धीर देणारी वाटते.

== मराठीतील समांतर प्रयोग ==
मराठीतही अशी स्थित्यंतरे दिसतात. 'बिनी' म्हणजे सैन्याची आघाडीची तुकडी. आज 'बिनीचे शिलेदार' हा प्रयोग कोणत्याही क्षेत्रातील अग्रणींसाठी होतो. 'आघाडी' हा शब्द राजकीय पक्षांच्या युतीसाठी, तर 'मोर्चा' हा निदर्शकांच्या मिरवणुकीसाठी रूढ आहे.