बजबज आणि बजबजपुरी

बेबंद कारभाराला मराठीत 'बजबजपुरी' म्हणतात. हा शब्द 'बजबजणे' या क्रियापदावरून आला. कलकत्त्याच्या नैर्ऋत्येस हुगळीच्या पूर्व तीरावर वसलेल्या बजबज या गावाशी त्याचे व्युत्पत्तीने काही नाते नाही. मात्र इतिहासाने ते जोडून दिले आहे. १७५६च्या डिसेंबरअखेर या गावातील किल्ला घेऊन क्लाइव्ह आणि अ‍ॅडमिरल वॉटसन कलकत्त्याकडे निघाले. १९१४च्या सप्टेंबरात याच गावात ब्रिटिश सरकारने परतलेल्या भारतीय प्रवाशांवर गोळ्या झाडल्या. सत्तेला आवर घालणाऱ्या संस्था कशा निकामी होत जातात, याची एक दीर्घ कहाणी या दोन घटनांच्या दरम्यान वाचावयास मिळते.

अठराव्या शतकातील बंगालमध्ये लोकशाही नव्हती. परंतु सत्तेवर नियंत्रण असावे हा विचार अपरिचित नव्हता. मोगली रिवाजाप्रमाणे सुभ्यावर दोन अधिकारी असत. नाझिमाकडे फौज आणि फौजदारी न्याय, तर दिवाणाकडे महसूल आणि खजिना. दोघांचीही नेमणूक बादशहाकडून होई आणि दोघांनी परस्परांवर नजर ठेवावी अशी अपेक्षा असे. तलवार एकाच्या हाती आणि थैली दुसऱ्याच्या हाती, हे या रचनेचे मर्म होते. मुर्शिद कुली खानाच्या काळात दोन्ही पदे एकाच हाती आली आणि हा तोल ढळला. कंपनीच्या अमदानीत तो पुरता नाहीसा झाला.

बजबजचा किल्ला पडला तो एका मद्यधुंद खलाशाच्या हातून, अशी नोंद आहे. दुसऱ्या दिवशी हल्ला करावयाचे ठरले असता स्ट्राहान नावाचा खलाशी रात्रीच तटावर चढला आणि त्याच्यामागून इतर आत घुसले. पुढे २३ जून १७५७ रोजी पलाशीचा निकाल लागला. नव्या नबाबाने, मीर जाफरने, कलकत्त्याच्या दक्षिणेकडील कुलपीपर्यंतच्या मुलखाची जमीनदारी कंपनीला दिली. बजबज त्यातच येते. या चोवीस परगण्यांबद्दल कंपनीने नबाबाला जो सारा द्यावयाचा, तो १७५९ साली नबाबाने क्लाइव्हला जहागीर म्हणून लावून दिला. वर्षाला सुमारे २७,००० पौंडांचे हे उत्पन्न. कंपनीचा नोकर कंपनीचाच धनी झाला! ज्याच्याकडून हिशेब घ्यावयाचा, त्यालाच दरसाल सारा भरावयाचा, अशी ही स्थिती होती.

लंडनच्या संचालकांना हे दिसत नव्हते असे नाही. नोकरांनी नजराणे घेऊ नयेत अशी करारपत्रे त्यांनी सह्यांसाठी पाठविली. ती १७६५च्या जानेवारीत कलकत्त्यास पोहोचली आणि दप्तरात तशीच पडून राहिली. त्यानंतर थोड्याच दिवसांत मीर जाफर मरण पावला. कौन्सिलच्या सभासदांनी त्याच्या मुलाला मसनदीवर बसविले आणि त्याबद्दल भरघोस नजराणे घेतले. मनाई रद्द करण्याची कोणाला गरज वाटली नाही. ती न वाचल्याने काम भागले. मे महिन्यात क्लाइव्ह परत आला आणि त्याने सह्या घेतल्या खऱ्या. परंतु त्याच वर्षी वरिष्ठ नोकरांसाठी मिठाच्या व्यापाराची जी मक्तेदारी मंडळी स्थापन झाली, तीत त्याचे स्वतःचे भाग होते. ऑगस्टमध्ये बादशहाने दिवाणी कंपनीला दिली. पैसा कंपनीकडे, जबाबदारी नबाबाकडे. १७६९-७०च्या दुष्काळात याचे फळ रयतेला भोगावे लागले. किमान एक तृतीयांश लोक मेले, असा अंदाज वॉरन हेस्टिंग्जने १७७२च्या पत्रात दिला आहे. १७७१ची वसुली दुष्काळापूर्वीच्या १७६८च्या वसुलीहूनही अधिक झाली, हेही त्याच पत्रात आहे.

यावर अखेरचा अंकुश इंग्लंडच्या पार्लमेंटचा. परंतु १७६७ साली कंपनीने दरसाल ४ लाख पौंड सरकारी खजिन्यात भरावेत असे ठरले होते. देखरेख करणाराच भागीदार झाल्यावर देखरेखीची धार किती राहणार? १७७३च्या मे महिन्यात क्लाइव्हच्या संपत्तीची चर्चा झाली. त्याने २,३४,००० पौंड मिळविल्याचे सभागृहाने नमूद केले आणि त्याने देशाची मोठी सेवा केली, असाही ठराव केला.

त्याच वर्षी रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट आला. गव्हर्नर-जनरलला चार सभासदांच्या कौन्सिलने आवरावे आणि दोघांनाही सर्वोच्च न्यायालयाचा धाक असावा, अशी त्याची योजना कागदावर निर्दोष होती. १७७५च्या मार्चमध्ये महाराजा नंदकुमाराने हेस्टिंग्जवर सुमारे साडेतीन लाख रुपये घेतल्याचा आरोप कौन्सिलपुढे ठेवला. मे महिन्यात नंदकुमार एका जुन्या दस्ताच्या बनावटीच्या खटल्यात पकडला गेला आणि ५ ऑगस्ट रोजी फासावर गेला. मुख्य न्यायाधीश सर एलाइजा इंपी हा हेस्टिंग्जचा शाळासोबती. दोघांचे संगनमत होते की नव्हते, यावर इतिहासकारांनी पुष्कळ वाद घातला आहे. तो बाजूस ठेवला तरी, आरोपाची तड लागण्यापूर्वीच आरोप करणारा फासावर गेला, एवढे उरतेच. त्यानंतर तक्रार घेऊन येण्याचे धैर्य कितीजणांत राहिले असेल?

पुढे न्यायालय आणि कौन्सिल यांत अधिकाराचा झगडा पेटला. तो मिटला कसा, हे पाहण्याजोगे आहे. १७८० साली हेस्टिंग्जने इंपीला कंपनीच्या सदर दिवाणी अदालतीचे प्रमुखपद वेगळ्या पगारावर देऊ केले आणि इंपीने ते स्वीकारले. न्यायालयाचे दार कोणी बंद केले नाही. न्यायाधीशाला सरकारच्या पगारपत्रकात घेतले गेले. दोघांवरही टीका करणाऱ्या हिकीच्या 'बेंगाल गॅझेट'चे खिळे १७८२ साली जप्त झाले. इंपीला पार्लमेंटने परत बोलाविले. हेस्टिंग्जवरील महाभियोग १७८८ ते १७९५ असा सात वर्षे चालून तो निर्दोष सुटला.

परकी सत्तेचाच हा दोष होता, असे समजून मराठी वाचकाने समाधान मानू नये. पेशवाईत मामलेदाराच्या कारभारावर दरकदारांची देखरेख असे. फडणीस, मुजुमदार, चिटणीस आदी हे अंमलदार हुजुरातून नेमलेले. त्यांना काढण्याचा अधिकार मामलेदाराला नसे. दुसऱ्या बाजीरावाने मामलती जास्त बोली लावणाऱ्याला मक्त्याने देण्यास सुरुवात केली. दरकांची पदे राहिली. परंतु वसुलीचा फायदा हुजुरासच हवा असल्यावर मक्तेदाराविरुद्धची फिर्याद ऐकणार कोण? कुंपणानेच शेत खाल्ले, तर दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न पुण्यालाही चुकला नाही.

आता पुन्हा बजबजकडे वळू. कॅनडाने प्रवेश नाकारलेले 'कोमागाता मारू' जहाज २९ सप्टेंबर १९१४ रोजी येथे लागले. परदेशातून येणाऱ्यांच्या हालचालींवर बंधने घालण्याचा अधिकार सरकारने त्याच महिन्यात, ५ सप्टेंबरच्या वटहुकुमाने, स्वतःला देऊन ठेवला होता. प्रवाशांना खास आगगाडीने पंजाबात धाडावयाचे होते. बहुतेकांनी नकार दिला आणि ते गुरुग्रंथसाहेब घेऊन पायी कलकत्त्याकडे निघाले. त्यांना परत आणण्यात आले आणि संध्याकाळी स्टेशनाजवळ गोळीबार होऊन सुमारे वीस प्रवासी मारले गेले. सरकारने सर विल्यम विन्सेंट या आपल्याच अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. वर्धमानचे महाराज तिचे सभासद होते. समितीने दोष प्रवाशांच्या माथी मारला. या वेळी कोणी नजराणा घेतला नव्हता. त्याची आवश्यकताच राहिली नव्हती, कारण गोळी झाडणारे आणि चौकशी करणारे एकाच सत्तेचे चाकर होते.

बजबजला आज या मृतांचे स्मारक आहे; १९५२ साली पंडित नेहरूंनी त्याचे अनावरण केले. किल्ला पडला त्या रात्रीचा आरडाओरडा सर्वांना ऐकू गेला असेल. त्यानंतर जे पडत गेले त्याचा आवाज झाला नाही. करारपत्र दप्तरात राहिले, न्यायाधीश आसनावर राहिला, दरकदार कचेरीत राहिले. प्रत्येक संस्थेचे नाव कायम होते. फक्त तिने ज्याला अडवावयाचे, त्याच्याशीच तिचे हित बांधले गेले होते. बजबजपुरी माजते ती अशीच. म्हणून राज्यात न्यायालय, विधिमंडळ आणि वृत्तपत्र आहे की नाही, एवढे विचारून भागत नाही. त्यांचा पगार, त्यांची बढती आणि त्यांचा नफा कोणाच्या मर्जीवर अवलंबून आहे, हे विचारावे लागते.